देवाच्या नावावर नाकारलेला भात

ताटात भात नको असेल, तर तुम्ही खरं कारण सांगता का?

लगेच हो म्हणू नका. समोर वाढणारी बाई उभी आहे. तिनं तुमच्यासाठी म्हणून चार घास जास्तीचे शिजवलेत. पळी भरलेली आहे आणि ती तुमच्या तोंडाकडे बघतेय. अशा वेळी आपण काय काय बोलतो ते मला माहीत आहे. आत्ताच खाऊन आले. पोट जरा बिघडलंय. काल जेवण जड झालं. मी यातलं काहीच बोलले नाही. मी देवाचं नाव सांगितलं. आणि मी अशा घरात वाढले आहे, जिथे देव्हारा नाही, पंचांग नाही, आणि आज एकादशी आहे का हे बघायला कुणी कधी कॅलेंडरपाशी गेलेलं मला आठवत नाही.

आमच्या घरात पत्रकं होती. निपाणीकडच्या आमच्या गावात आई विड्या वळणाऱ्या बायकांची संघटना चालवायची, अजूनही चालवते. खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे, शाळेच्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची कव्हरं. बाराखडी मी पुस्तकातून शिकले, पण जोडाक्षरं पत्रकांतून. 'रक्तक्षय' हा शब्द मला 'चंद्र'च्या आधी लिहिता येत होता.

आईचं सगळ्यात गाजलेलं पत्रक जेवणाबद्दल होतं. आमच्याकडच्या बायका घरातल्या सगळ्यांना वाढून झाल्यावर भांड्याच्या तळाशी राहिलेलं खायच्या. वर आठवड्याचे उपवास, आणि त्याच पोटानं दिवसभर मान मोडून विड्या. कुणी ना कुणी चक्कर येऊन पडायचंच. आईनं लिहिलं, 'उपाशी बाईचा फायदा कुणाला?' खाली ठळक अक्षरांत मागण्या होत्या, पण त्या मालकाकडे नव्हत्या, बायकांकडेच होत्या. पोटभर जेवा. सगळ्यांबरोबर बसून जेवा. उपवास सोडा, आणि कायमचा सोडा. ते पत्रक मी दारोदार वाटलं आहे. काही सासवांनी ते माझ्यासमोर चुलीत घातलं आहे.

कॉलेजात गेल्यावर मी माझं स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं. 'वजनकाटे फेकून द्या.' मुलगी बघायला आलेले लोक चहा पिता पिता तिच्या दंडाचा घेर डोळ्यांनी मोजतात, दुकानदार 'तुमच्या मापाचं नाही' असं चारचौघांत ओरडून सांगतो, आणि मग त्याच मुलीला बारीक होण्याची औषधं विकली जातात, असं सगळं त्यात होतं. त्यातला शब्द न् शब्द मला खरा वाटत होता. अजूनही वाटतो. माझं दुखणं हेच आहे.

नोकरीसाठी मी बंगळूरला आले. मारतहळ्ळीच्या एका ऑफिसात मोबाइल ॲपवरचा मराठी मजकूर लिहिते. 'पुढे जा', 'रद्द करा', 'पुन्हा प्रयत्न करा' हे तुम्ही वाचता ना, ते कुणीतरी बसून लिहीत असतं. दिवसभर बसून. सकाळी स्टँडवर घाईघाईत इडली, दुपारी कॅन्टीनचा भात, संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये बसमध्ये बसून बिस्किटांचा पुडा. अंग वाढत गेलं. मी त्याकडे तत्त्वानं दुर्लक्ष केलं. पाळी महिनोन् महिने यायची बंद झाली तेव्हासुद्धा मी कामाच्या ताणाला शिव्या दिल्या. शेवटी इथल्या, बंगळूरच्याच शिवाजीनगरमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट माझ्याकडे फिरवला आणि हिंदीत म्हणाल्या, "शुगर बॉर्डर पर है. लिवर में फॅट है. अभी संभालो, नहीं तो गोली शुरू, फिर छूटेगी नहीं."

माझ्या थोरल्या मावशीची नजर साखरेनं गेली. ती विड्या वळायची ती शेवटी शेवटी फक्त बोटांच्या सवयीवर. मी घाबरले. म्हणजे हे सगळं मी सुंदर दिसायला केलं नाही, एवढं तरी लिहून ठेवते. पण हे वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हटलंय की आता त्यावर माझाच विश्वास उरलेला नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, भात, चपाती, इडली, साखर अगदी कमी करा. अंडी, पनीर, चिकन, डाळी बेतानं, भाज्या भरपूर. रोज चाला, आणि नुसतं चालू नका, वजन उचला. "दर आठवड्याला वजन बघा," असंही म्हणाल्या. मी शिवाजीनगरच्या बाजारात वजनकाटा घ्यायला गेले. दुकानदारानं विचारलं, "लगेज के लिए?" मी म्हटलं, "हां, लगेज." त्यानं तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. घरी आणून मी तो खाटेखाली सरकवला.

मी राहते ती खोली शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या मराठी कुटुंबाच्या घराच्या गच्चीवर आहे. यांचे आजोबा-पणजोबा कधी इकडे आले ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. घरमालकीण साठीच्या आहेत, त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. त्यांच्या मराठीत निम्मी कानडी असते. गच्चीच्या कोपऱ्यात, वाळत घातलेल्या साड्यांच्या आड, मी सकाळी व्यायाम करायची. प्यायच्या पाण्याचा मोठा कॅन अर्धा भरून घ्यायचा, तो छातीशी धरून उठाबशा काढायच्या. मग कब्बन पार्कात फेरी. आधी एका फेरीत धाप लागायची, लहान मुलं आणि कुत्री मला मागे टाकून जायची.

पहिले दिवस वाईट गेले. डोकं ठणकायचं, ऑफिसात कुणी डबा उघडला की चिडचिड व्हायची. गल्लीच्या तोंडाशी डोशाचा तवा आहे, त्यावरून जाताना मी श्वास रोखून धरायची. पण खरी लाज वेगळीच होती. रेशनवर तांदूळ मिळावा म्हणून माझी आई रस्त्यावर बसली आहे. मला कडेवर घेऊन बसली आहे. आणि मी इथे फ्लॉवर किसून, तो तेलात परतून, त्याला भात म्हणत होते. ज्या बायकांची पोरं एक अंडं भावंडांत वाटून खातात, त्यांच्या वर्गणीच्या पैशांवर मी शिकले, आणि सकाळी उठून चार अंडी एकटी खात होते. आईचा फोन आला की विचारायची, "जेवलीस का पोटभर?" मी म्हणायची, "हो, वरण-भात." फ्लॉवरचा कीस तोंडात असताना.

प्रेरणा टिकवायची कशी, यावर मोबाइलवर पुष्कळ मिळतं. आरशावर चिठ्ठ्या लावा, जुनी जीन्स समोर टांगून ठेवा. मला त्याची गरजच पडली नाही. मला सकाळी खाटेवरून उठवायची ती शरम. आधी रिपोर्टची शरम, मग तो कुणाला न सांगितल्याची, मग या सगळ्या गुपचूपपणाची. मला वाटायचं, शरमेवर माणूस किती दिवस चालू शकतो? तर बरेच दिवस चालतो. गाडी चालते, फक्त धूर फार येतो.

आता अक्कांचं सांगते. अक्कांचा स्वभाव असा की घरात काही चांगलं झालं की एक ताट वर येणार. "ऊटा आयता?" जेवण झालं का, असं जिन्यातूनच विचारत त्या यायच्या. मी दोनदा पोट बिघडल्याचं सांगितलं, तर त्यांनी ओवा आणि मग मऊ भात आणून दिला. एका सोमवारी त्या चित्रान्न घेऊन आल्या. पिवळाधमक भात, वर शेंगदाणे, लिंबाचा वास. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि मी घाबरून म्हणाले, "अक्का, आज माझा उपवास आहे."

हे कुठून आलं मला माहीत नाही. म्हणजे, माहीत आहे. आपल्याकडे बाईनं 'उपवास आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. वाढणारा हात तिथेच थांबतो.

अक्कांचा चेहरा एकदम मऊ झाला. "सोमवार धरलास? आणि मला बोलली नाहीस गं पोरी." ताट घेऊन त्या खाली गेल्या. मी सुटले म्हणून उठाबशा काढायला घेतल्या. तासाभरात जिन्यात पुन्हा पावलं वाजली. साबुदाण्याची खिचडी, बटाटा घातलेली. दोन केळी. वर वाटीत गोड दही.

"गरम आहे तोवर खा."

"अक्का, एवढं नको होतं..."

"गप्प. उपाशी पोटानं ऑफिस करतेस होय? मी बघते तुला खाताना, मगच जाते."

खाल्ली. सगळी. आणि सांगायला लाज वाटते, जिभेला ती इतकी आवडली की दाण्याचा कूटसुद्धा बोटानं पुसून घेतला. संध्याकाळी परत आले तर ताट तयार होतं. सोमवार संध्याकाळी सोडायचा असतो, हे मला कुठं ठाऊक! मी असल्या गोष्टींविरुद्ध पत्रकं वाटली होती, त्यांचे नियम वाचले नव्हते. वरण, भात, तूप, शेवयांची खीर. त्या आठवड्यात माझ्या पोटात सगळ्यात जास्त भात आणि साखर गेली ती उपवासाच्या दिवशी.

शहाणीनं पुढच्याच सोमवारी खरं सांगितलं असतं. पुढच्या सोमवारी रताळ्याचा कीस आला. त्याच्या पुढच्या वेळी गूळ-शेंगदाण्याचे लाडू, ऑफिसलाही डब्यात घालून. वजनाचा आकडा मंगळवारी वर जायचा आणि शनिवारपर्यंत कसाबसा खाली यायचा. मग मी खोटं आणखी पक्कं केलं. "अक्का, आता मी कडक करणार आहे. दिवसभर फक्त ताक. संध्याकाळीसुद्धा सोडणार नाही, थेट मंगळवारी." अक्का दोन पावलं मागे सरकल्या. त्यांनी मला नमस्कार करायचाच बाकी ठेवला होता. त्यानंतर ताटं थांबली, पण सोमवारी माझ्या खोलीतून अंड्याचा वाससुद्धा येता उपयोगी नव्हता. मी अंडी आदल्या दिवशी उकडून, रुमालात गुंडाळून ऑफिसला न्यायची आणि लेडीज टॉयलेटच्या बाहेरच्या बाकावर पाठ करून खायची.

गल्लीत बातमी पसरली. भाजीवाली बाई कोथिंबीर फुकट द्यायला लागली. अक्का एकदा जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, "सोळा पुरे कर. चांगला नवरा मिळतो, माझ्या नणंदेला मिळाला. स्वल्प टक्कल आहे, पण चांगला आहे." मी हसले. नाही म्हणाले नाही. नवऱ्यासाठी उपवास करणारी मुलगी म्हणून मी त्या गल्लीत मान मिळवला आणि तो घेतला.

आणि वजन खरंच उतरलं. ऑफिसात माझ्या शेजारी पुण्याची एक मुलगी बसते. एक दिवस ती मला बघून उभीच राहिली. "अगं, काय सुपर्ब दिसतेयस! सीरियसली, टोटली वेगळीच. काय करतेयस, सांग ना!" ती हे मोठ्यानं म्हणाली आणि चार टेबलांवरच्या लोकांनी मान वळवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या पत्रकात या नजरेवर दोन अख्खे परिच्छेद होते. मी काय म्हणायला हवं होतं, ते मीच छापून वाटलं होतं. मी म्हटलं, "खरंच? थँक यू गं." दिवसभर मी पाणी आणायच्या निमित्तानं उगाच उठून चालत राहिले, कुणी आणखी काही म्हणतंय का बघत. त्या दिवशी संध्याकाळी मी बसमधून दोन स्टॉप आधी उतरून चालत घरी आले. रिपोर्टच्या भीतीनं जे एवढ्या दिवसांत केलं नव्हतं, ते एका शेऱ्यानं केलं.

मग आकडा अडकला. आठवडे गेले, काटा हलेना. तेच खाणं, तोच कॅन, त्याच फेऱ्या. पुण्याच्या मुलीला माझी सवय झाली, ती काही बोलेना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली पुढची रक्ततपासणी जवळ येत होती, आणि नेमकी तेव्हाच मी सैलावले. एका संध्याकाळी तव्यापाशी श्वास रोखायचा विसरले आणि उभ्या उभ्या मसाला डोसा खाल्ला. दुसऱ्या संध्याकाळी विसरले नव्हते, तरी खाल्ला. कॅनवर धूळ बसली. सांगायला कुणी नव्हतं. चोरून सुरू केलेलं काम सोडतानाही चोरूनच सोडावं लागतं. कुणी विचारत नाही, आज का गं नाही गेलीस चालायला.

अशात आई आली. शहराबाहेर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांतल्या बायकांची बैठक होती, त्यांनी तिला बोलावलं होतं. माझ्याकडे चार दिवस राहणार होती. सकाळच्या गाडीनं आली, मी तिला घेऊन गल्लीत शिरले, तर अक्का दारातच रांगोळी घालत होत्या. हात झटकून उभ्या राहिल्या.

"या ताई! तुमच्या मुलीसारखी मुलगी या गल्लीत नाही बघा. दर सोमवार कडक! पाणीसुद्धा स्वल्पच. आजकालच्या पोरी करतात होय असं? तुम्ही लावलेलं वळण हे."

आई माझ्याकडे वळली नाही. अक्कांकडे बघूनच म्हणाली, "मी? नाही हो. मी नाही लावलं."

ती जिना चढली. खोलीत आली, पिशवी ठेवली, पाणी प्यायली. मग विचारलं, "कोण आहे तो?"

"कोण?"

"ज्याच्यासाठी सोमवार करतेस तो. माझ्यापासून काय लपवायचं? ठरवलं असशील तर सांग. पण त्याच्या घरच्यांनी उपवास करायला लावला असेल, तर मी आधी त्यांना भेटणार."

"आई, कुणी नाही."

"मग देव कधी सापडला?"

"तोही नाही."

सांगते, त्या क्षणी मी खरोखर विचार केला, की श्रद्धा बसली असंच म्हणावं का. चिडली असती, भांडली असती, पण त्या भांडणात तरी मी एखाद्या मोठ्या गोष्टीसाठी उभी आहे असं वाटलं असतं. 'मी बारीक व्हायचा प्रयत्न करतेय' हे वाक्य आईसमोर उच्चारण्यापेक्षा मला देव सोपा वाटला. इथवर माझी मजल गेली होती.

मग मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. रिपोर्ट, पाळी, भात, अंडी, ताक, साबुदाणा, डोसा. ऑफिसातली मुलगी काय म्हणाली आणि मला ते कसं आवडलं, तेसुद्धा. रडणार नाही असं ठरवलं होतं. जमलं नाही.

आईनं रिपोर्ट मागितला. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. "मावशीचं माहीत असून मला फोनवर वरण-भात सांगत होतीस," एवढंच आधी म्हणाली. मला वाटलं, आता भाताबद्दल येणार, पत्रकाबद्दल येणार. ती म्हणाली, "माझं ते पत्रक निम्मं चुकलेलं आहे, माहिताय तुला?"

"कुठलं?"

"उपवासाचं. ते वाटल्यावर बायका माझ्याशी भांडायला आल्या होत्या. म्हणाल्या, ताई, उपवास सोडा म्हणता, पण त्या एका दिवशी तरी आमच्यासाठी म्हणून वेगळं काही शिजतं. मूठभर दाणे, एखादं केळं, त्याला घरात कुणी हात लावत नाही. तो दिवस घालवला तर आमच्या वाट्याला पुन्हा तळातलंच." तिनं चष्मा काढला. "मला तेव्हा राग आला होता. छापलं नाही मी ते कधी. आपल्या बायकांना 'हे माझ्यासाठी हवं' असं म्हणता येत नाही, म्हणून मध्ये देव उभा करावा लागतो. त्या अडाणी म्हणून करतात, असं मला वाटायचं. तू तर शिकलेली आहेस."

मी त्याच बायकांचं नवं, पगारी रूप होते. त्यांना निदान दुसरा रस्ता नव्हता.

"आता खाली जा," आई म्हणाली, "आणि त्या बाईला सांग. ती तुझ्यासाठी आदल्या रात्री साबुदाणा भिजवत होती."

"तू चल ना बरोबर."

"उपवास बरोबर केला होता का आपण?"

अक्का भांडी घासत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. साखर, वजन, खोटा सोमवार. त्यांनी नळ बंद केला नाही. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, "सरी." म्हणजे, ठीक आहे. मग म्हणाल्या, "देवाला फसवलंस ते तो बघेल, त्याला खूप जण फसवतात. मी माझ्या सुनेला तुझं नाव सांगून टोचत होते गं रोज. आता मी तिला काय तोंड दाखवू?"

हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. खालच्या मजल्यावर एक मुलगी माझ्या खोट्या उपवासावरून रोज टोमणे खात होती. भुकेवरून बायकांना छळणाऱ्यांच्या विरोधात मी लिहीत आले, आणि माझ्या नावाचा दगड करून कुणीतरी दुसऱ्या बाईवर मारत होतं. तो दगड मीच आणून दिला होता.

आई गावी परतली. त्या चार दिवसांत ती माझ्याबरोबर पार्कात चालली, आणि रोज रात्री माझ्यासमोर बसून भातही खाल्ला. "तू नको खाऊ, मी खाते. यात भांडण कसलं?" म्हणाली. जाताना म्हणाली, तपासणी झाली की आकडा कळव, चांगला असो की वाईट. मी कॅन पुसला. पुन्हा सुरू केलं, पण खरं सांगते, आता कुणाच्या नजरेनं पाय उचलत नव्हता. रोज सकाळी नव्यानं मन वळवावं लागायचं. काही दिवस वळायचं नाही. अशा दिवशी मी आईला फोन करून सांगायची, आज नाही गेले. ती म्हणायची, बरं, उद्या जा. यापेक्षा भारी प्रेरणा मला तरी सापडलेली नाही.

अक्कांकडून ताट यायचं बंद झालं. जिन्यात भेटल्या तर बाजूला व्हायच्या. मग त्यांच्या लेकीच्या बाळाचं बारसं निघालं आणि बोलावणं मात्र आलं, तेही सुनेबरोबर. गच्चीवर मांडव, खाली पंगत, केळीची पानं. मी बसले. दोन्ही बाजूंना त्यांच्या नात्यातल्या बायका, समोर बायका. कोसंबरी आली, भाजी आली, मग भाताचं पातेलं आलं. वाढणारी सूनच होती. मी पानावर हात आडवा धरला.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "अय्यो, ही ती सोमवारवाली नाही का? आज कसला उपवास?"

मी म्हटलं, "उपवास नाही. माझी साखर वाढलीय. वजन कमी करतेय, म्हणून भात घेत नाही."

"एवढी काही जाड नाहीस गं," समोरून एक म्हणाली.

"आहे की!" दुसरी म्हणाली, आणि पंगत हसली. कुणी म्हणालं लग्नाआधी केलंस ते बरं, कुणी सांगितलं सकाळी मेथीचं पाणी पी. उठून जावंसं वाटलं. दहाजणींच्या नजरा माझ्या दंडांवर होत्या, आणि आता मध्ये देव नव्हता, आजारी पोट नव्हतं, लगेज नव्हतं. सून पातेलं घेऊन तशीच उभी होती. अक्का चुलीपाशी होत्या, त्यांनी मान वर न करता सुनेला हुकूम सोडला, "बघत काय उभी राहिलीस? पुढं जा. तिला भाजी वाढ अजून."

सून पुढे सरकली. मी मान खाली घालून जेवले, शेवटपर्यंत बसून. शेजारच्या बाईंनी हात धुताना मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "साखर कुठल्या डॉक्टरकडे तपासलीस?" मी पत्ता सांगितला.

माझी तपासणी झाली. आकडा सीमेवरून थोडा अलीकडे आलाय, फार नाही. आईला कळवला. गोळी लागलेली नाही. कौतुक अजून आवडतं, आणि आवडलं की अजून लाज वाटते. माझं जुनं पत्रक मी मागे घेतलेलं नाही. दुसऱ्याचं अंग मोजणाऱ्यांबद्दल मला अजून तेवढाच राग आहे. पण स्वतःचं शरीर सांभाळणारीनं तोंड लपवावं, असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणी आहे, आणि ती आजपासून अमलात आणायची आहे. तुमच्या पंगतीत, तुमच्या टेबलावर, तुमच्या ऑफिसात कुणी पानावर हात आडवा धरला, तर पळी दुसऱ्या पानाकडे वळवा. का, म्हणून विचारू नका. बारीक झालीस, जाड झालीस, काही बोलू नका. भाजी वाढा. आणि तो हात तुमचा स्वतःचा असेल, तर एकदा, एका तरी माणसाला, खरं कारण मोठ्यानं सांगा.